मेट्रनबाईंचा महिना

आमच्या मंडळीत वाढदिवस महिन्यातून एकदाच होतो. तुम्ही तीन तारखेला जन्मलेले असा की सत्तावीसला, देवळात, म्हणजे चर्चमध्ये, तुमचा वाढदिवस शेवटच्या रविवारीच. उपदेश झाला, दानार्पण झालं की पाळक म्हणतात, "या महिन्यात ज्यांचे वाढदिवस आहेत त्यांनी पुढे यावं." मग तीन-चार जण लाजत लाजत वेदीपाशी जातात आणि मंडळीकडे तोंड करून उभे राहतात. मंडळी त्यांच्यासाठी दोन कडव्यांचं गीत गाते, पाळक प्रार्थना करतात आणि उपासनेनंतर बाहेर चहाबरोबर केकचा तुकडा मिळतो. साधी गोष्ट आहे. मेट्रनबाईंनी ती साधी राहू दिली नव्हती.

मेट्रनबाई म्हणजे मिशनच्या मुलींच्या वसतिगृहाच्या निवृत्त मेट्रन. वसतिगृह कधीचंच बंद पडलं होतं, पण त्याच्या आवारातल्या दोन खोल्यांत त्या राहत होत्या आणि पद त्यांना चिकटून होतं ते होतंच. निळ्या काठाची पांढरी साडी, पायात मोजे, भर उन्हाळ्यातसुद्धा. कंबरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा. त्यातली एकही किल्ली आता कुठल्या कुलपाला लागत नव्हती. मी एकदा विचारलं, "मग बाळगता कशाला?" तर म्हणाल्या, "आवाज आला की पोरी सरळ बसतात." पोरी कुठल्या, हे विचारायची सोय नव्हती. मंडळीतल्या साठीच्या बायकासुद्धा तो आवाज आला की पदर सारखा करायच्या.

त्यांना जाऊन आता दोन वर्षं झाली. त्यांच्याबद्दल मला नक्की काय कळलं आणि काय नाही, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

लग्न होऊन मी नगरहून नाशिकला आले तो मार्च महिना होता. नवरा अंबडच्या एका कारखान्यात, घर इंदिरानगरला, ओळखीचं चिटपाखरू नाही. त्याच महिन्यात माझा वाढदिवस. शेवटच्या रविवारी पाळकांनी पुकारा केला आणि सासूबाईंनी मला कोपराने ढोसलं. पुढे गेले तर मी एकटीच. समोर सगळे अनोळखी चेहरे, आणि सगळे मला न्याहाळताहेत. नवी सून म्हणजे प्रदर्शनच. आता वळून बाकाकडे पळते की काय असं झालं. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरून किल्ल्या वाजल्या. एक ताठ म्हातारी उठली, सावकाश चालत माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि माझं कोपर तिने घट्ट धरलं.

"पोट आत, मान वर," ती पुटपुटली. "दोनच कडवी आहेत. आजवर कुणी मेलं नाही."

मला केवढा आधार वाटला. वाटलं, चला, या बाईंचाही मार्चच. माणसाला एवढ्याशा गोष्टीवरून आपलेपणा वाटतो.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी त्या पुन्हा उठल्या. मी नवऱ्याला विचारलं, "यांचा तर मार्चमध्ये झाला ना?"

"त्यांचा दर महिन्याला असतो."

"म्हणजे?"

"म्हणजे असतो. त्यात म्हणजे काय?"

त्यालाही ठाऊक नव्हतं. लहानपणापासून बघत आला होता, त्यामुळे विचारायचं असतं हेच त्याला सुचलं नव्हतं. मग मीच विचारलं. मेट्रनबाई म्हणाल्या, "मला कुणीतरी गोणपाटात गुंडाळून वसतिगृहाच्या ओसरीवर ठेवून गेलं. तारीख सांगायला थांबलं नाही. आता मी काय करू? बारा वेळा उभं राहिलं की एकदा तरी बरोबर लागतं."

मला ते पटलं. वाईटही वाटलं. घरी येऊन मी सासूबाईंना सांगितलं, तर त्या हसायला लागल्या. "तुला असं सांगितलं? मला तर म्हणाल्या होत्या, बसून बसून गुडघे धरतात म्हणून उठते." शेजारच्या बाकावरच्या मुलांना त्यांनी सांगितलं होतं, की लिमलेटच्या गोळ्यांचा डबा संपवायचाय. दर महिन्याला वाढदिवसवाल्यांना त्या दोन दोन गोळ्या वाटायच्या. आधीच्या एका पाळकांनी विचारलं तेव्हा उलट त्यांनाच ऐकवलं, "एरवी तुम्ही माझ्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करता का? मग?"

यातलं खरं कुठलं? मी पुष्कळ डोकं चालवलं. प्रत्येक कारण त्या इतक्या सरळ तोंडाने सांगायच्या की ऐकणाऱ्याला वाटावं, आपल्यालाच काय ते खरं सांगितलं. वयाचंही तेच. जानेवारीत त्या पंच्याहत्तरच्या असायच्या, मेमध्ये बहात्तरच्या. ऑक्टोबरमध्ये कुणी विचारलं तर, "ऐंशीला टेकले बाई," म्हणून त्याचाच हात धरून पायऱ्या उतरायच्या.

वाढदिवस सोडला तर महिन्याची बाकीची घडी मात्र त्यांच्या जिवावर चालायची. पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे भाकरीचा तुकडा आणि प्याला. त्याचा पांढरा टेबलक्लॉथ त्याच धुणार, त्याच इस्त्री करणार. प्याल्यातला रसही त्यांचाच. आम्ही मेथडिस्ट, आमच्याकडे वाइन चालत नाही, साधा द्राक्षाचा रस लागतो. शुक्रवारी त्या काळ्या मनुका भिजत घालायच्या, शनिवारी उकळून, फडक्यातून गाळून ठेवायच्या. "सगळं नाशिक द्राक्षांची वाइन करायला निघालंय," त्या म्हणायच्या, "आणि आपण त्याच नाशकात मनुका भिजवत बसलोय. देवाला हसू येत असेल." दुसऱ्या रविवारी महिला मंडळ. तिथे शेवटची प्रार्थना झाली की त्या सगळ्यांचे हात पुढे करायला लावून नखं तपासायच्या. वसतिगृहातली सवय. बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेल्या एक बाई नेलपॉलिश लावलेली बोटं पर्सखाली लपवायच्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

तिसऱ्या शनिवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थना. मेट्रनबाई आल्या आल्या थेट स्वयंपाकघरात जाणार, पातेल्यावरचं झाकण उचलणार आणि पोह्यांचा अंदाज घेणार. पोहे भरपूर असले तर गीताची सगळी कडवी. कमी असले तर बाहेर येऊन म्हणायच्या, "पहिलं आणि शेवटचं घ्या," म्हणजे दारात गर्दी वाढायच्या आत उरकावं. माझ्याकडच्या पहिल्या प्रार्थनेला त्यांनी दोनच कडवी म्हणायला लावली होती. पुढच्या खेपेला मी हट्टाने मोठं पातेलं काढलं. त्या दिवशी सहाच्या सहा कडवी झाली आणि मला परीक्षेत पास झाल्यासारखं वाटलं.

आमच्यात पाळक बदलीवर येतात. तीन-चार वर्षं झाली की सामान बांधून दुसऱ्या गावी. त्यामुळे दर नव्या पाळकाला मेट्रनबाईंचं कोडं नव्याने पडायचं. तो एक-दोनदा विचारायचा, गोंधळायचा आणि सोडून द्यायचा. शेवटी जे आले ते मात्र सोडून देणारे नव्हते. तरुण होते, टापटिपीचे, मनाने फार सरळ. त्यांनी देवळात पडदा लावला, त्यावर गीताचे शब्द आणि वाढदिवसवाल्यांचे फोटो दिसायला लागले. फोटोखाली नाव आणि महिना. मेट्रनबाईंच्या फोटोखाली काय लिहायचं, तिथे गाडं अडलं.

महिला मंडळाची चिटणीस म्हणून ते मला बरोबर घेऊन त्यांच्या खोलीवर गेले. चहा झाल्यावर हळूच म्हणाले, "बाई, राग मानू नका. मी वेदीसमोर उभा राहून 'आज या बहिणीचा जन्मदिवस' असं देवाला सांगतो. वर्षातून अकरा वेळा ते खोटं असतं."

"मग बाराव्या वेळी जरा जोरात सांगा," मेट्रनबाई म्हणाल्या.

"कागदावर एक जून आहे ना? तोच धरू या."

"एक जून! तो मास्तरांनी शाळेत घालताना ठोकलेला. त्या दिवशी अर्धा महाराष्ट्र जन्मलाय. जूनमध्ये बघा तुम्ही, आपल्याकडे पुढे पंगत बसते नुसती. तिथे माझं काय काम?"

शेवटचं वाक्य मी तेव्हा नुसतं हसण्यावारी नेलं.

पाळक चिकाटीचे. त्यांनी विचारपूस करून, वसतिगृहात मेट्रनबाईंच्या आधीपासून असलेली एक म्हातारी शोधून काढली. ती विंचूरला मुलाकडे राहत होती. एका सोमवारी आम्ही तिघं गाडी करून गेलो. मेट्रनबाई इस्त्रीची साडी नेसून पुढच्या सीटवर बसल्या होत्या. वाटेत किल्ल्यांचा जुडगा त्यांनी हातात घट्ट धरला होता, वाजू दिला नाही. मला पहिल्यांदा वाटलं, की यांना खरंच हवीय ती तारीख.

म्हातारीने मेट्रनबाईंच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "आगं, तुला वसरीवर ठिवली ते मला आसं डोळ्यांपुढं हाय! मी चार-पाच वर्साची आसंल. कांद्याची लागण चालू व्हती."

पाळकांचा चेहरा उजळला. "म्हणजे कुठला महिना, आजी?"

"आता कांदा काय एकदाच लागतो व्हय, सायेब? पावसात पोळ लागतो, मग रांगडा, मग थंडीत उन्हाळ."

"तेव्हा पाऊस होता की थंडी?"

म्हातारीने खूप वेळ विचार केला. "पाऊस व्हता," ती म्हणाली. "आन ही थंडीनं लय कुडकुडत व्हती."

मुलगा म्हणाला, "आई, नीट आठव ना." मग ती रडायलाच लागली. मेट्रनबाईंनी तिला जवळ घेतलं, नाक पुसायला आपला रुमाल दिला आणि तिची नखं बघून म्हणाल्या, "वाढलीत. काप." निघताना मुलाने गाडीत अर्धं पोतं कांदे टाकले. परतीच्या वाटेवर मेट्रनबाईंनी किल्ल्या वाजवल्या आणि म्हणाल्या, "जाऊ द्या पाळकसाहेब. कांदे तरी मिळाले."

पण पाळकांनी आपलं म्हणणं सोडलं नाही. "बाई, तुम्ही स्वतः एक महिना निवडा. कुठलाही. तुम्ही मनापासून निवडलात की मी तो खरा मानीन. पण मग तोच." आम्हाला वाटलं, आता या खडसावणार. तर त्या म्हणाल्या, "बरं. विचार करून सांगते."

नंतरचे दोन-तीन रविवार त्यांनी विचित्रच केलं. उपासना सुटली की दारात उभ्या राहायच्या आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला विचारायच्या, "तुझा महिना कोणता?" ज्यांच्या शेजारी त्या वर्षानुवर्षं उभ्या राहिल्या त्यांनासुद्धा. मलाही विचारलं. मी म्हटलं, "मेट्रनबाई, मार्च! विसरलात?" त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "तुला आठवतंय का ते बघत होते."

मग एका रविवारी त्यांनी पाळकांना निर्णय सांगितला. "नोव्हेंबर."

"नोव्हेंबरच का?"

"त्यात आता कुणीच उरलं नाही."

खरंच होतं. आमची मंडळी वीस-बावीस घरांची. नोव्हेंबरमधलं एक घर पुण्याला गेलं, एक आजोबा प्रभूकडे गेले. गेली काही वर्षं नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी पुढे उभ्या राहायच्या त्या फक्त मेट्रनबाई, आणि त्या रोजच्याच म्हणून आमच्या ते लक्षातच आलं नव्हतं. पाळकांनी पडद्यासाठी त्यांचा फोटो काढला. त्यांनी मान वर केली, पोट आत घेतलं.

ठरल्याप्रमाणे ऑगस्टमध्ये त्या उठल्या नाहीत. सप्टेंबरमध्येही नाही. देवळात कसंतरीच वाटायला लागलं. ऑक्टोबरमध्ये छत्तीसगडहून अंबडला नोकरीला आलेली एक मुलगी पुढे गेली. एकटीच. मराठी तिला धड येत नव्हतं. सगळं गीतभर ती स्वतःच्या चपलांकडे बघत उभी होती. मी मागे वळून पाहिलं. मेट्रनबाईंचा हात पुढच्या बाकावर होता, अर्ध्या उठल्याच होत्या. मग पाळकांकडे त्यांचं लक्ष गेलं आणि त्या शब्दाला जागून हळूच खाली बसल्या. मला पाळकांचा संताप आला. एका खरेपणासाठी एवढं करायचं?

बाकीचं बोलायचं तर, त्याच दिवसांत प्रभुभोजनाच्या टेबलक्लॉथवर इस्त्रीचा तपकिरी डाग पडला. मनुका एकदा दुसऱ्या आठवड्यात भिजल्या. एका मंगळवारी दुपारी मेट्रनबाई गीतांचं पुस्तक घेऊन माझ्या दारात उभ्या. "अजून कुणी आलं नाही?" तिसरा शनिवार झाला होता, तोही दुसऱ्यांच्या घरी. मी म्हटलं, येतील. पोहे केले. त्यांनी झाकण उचलून बघितलं आणि आम्ही दोघींनीच सगळी कडवी म्हटली. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "त्यांचं असतंच काहीतरी." मलाही तसंच वाटलं. त्यांचा घोळ इतका जुना होता, की खरा घोळ कधी सुरू झाला हे कुणाला कळणार?

नोव्हेंबरचा शेवटचा रविवार आला. देऊळ नेहमीपेक्षा भरलं होतं, मेट्रनबाईंच्या हक्काच्या पहिल्या वाढदिवसासाठी. मंडळीतल्या मुलींनी केक आणला होता. पाळकांनी पुकारा केला, पडद्यावर त्यांचा फोटो आला. खाली नाव, खाली नोव्हेंबर.

मेट्रनबाई शांत बसून राहिल्या. कोण उठतंय ते बघायला त्यांनी इकडेतिकडे मान वळवली.

"मेट्रनबाई," पाळक हसून म्हणाले, "या ना. आज आपला."

"माझा?" त्या म्हणाल्या. "माझा कसा असेल? माझी तारीख कुणाला ठाऊक आहे?"

कुणीतरी हसलं. मग त्यांचा चेहरा बघून तेही थांबलं. त्या पडद्याकडे बघत होत्या आणि ती बाई कोण, असं त्यांच्या डोळ्यांत होतं. मी त्यांना घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. कीबोर्डवाल्याने सूर दिला आणि हात काढून घेतला. पाळक खाली उतरू की नको अशा अवस्थेत उभे. शेजारच्या बाई त्यांना उठवायला लागल्या तर त्यांनी हात झिडकारला. "नाही म्हटलं ना! मी शब्द दिलाय. मी बसणार."

मी उठले. काय करतेय हे मला तरी कुठे कळत होतं? वेदीपाशी गेले आणि मंडळीकडे तोंड करून उभी राहिले. एकटी.

"बाई," पाळक माझ्या कानाशी म्हणाले, "तुमचा तर मार्च ना?"

इतकी वर्षं त्या मंडळीत काढली, तरी पहिल्यासारखंच बाकाकडे पळावंसं वाटत होतं. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी फक्त तिसऱ्या बाकाकडे बघत होते. त्या उठल्या नाहीत तर काय करायचं, याचा मी विचारच केला नव्हता.

किल्ल्या वाजल्या.

त्या सावकाश आल्या, माझ्या शेजारी उभ्या राहिल्या आणि माझं कोपर धरलं. "पोट आत, मान वर," त्या म्हणाल्या. मी मान वर केली.

पाळकांनी आम्हा दोघींकडे पाहिलं, मग पडद्याकडे पाहिलं. डोळे मिटून म्हणाले, "प्रभू, आज जिचा जन्मदिवस आहे, तिला तू ओळखतोस." त्या सरळ माणसाने त्यातही खोटं काही येऊ दिलं नाही. मग गीत सुरू झालं.

पहिल्या कडव्यानंतर मेट्रनबाई माझ्याकडे झुकल्या. "तुझा मार्चमध्ये असतो," त्या कुजबुजल्या. "मला काय ठाऊक नाही?"

मी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. त्या समोर बघत होत्या.

"मग आज कुणाचा आहे?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही, मेट्रनबाई."

"मग जोरात गा. ज्याचा असेल त्याला पोचेल."